तीन पन्ह्यांचा पडदा

मी एक जुना पडदा आहे. खिडकीवरचा नव्हे आणि नाटकाचाही नव्हे. चित्रपट दाखवायचा पांढरा पडदा. पांढरा असं आपलं सवयीनं म्हणायचं, कारण आता माझा रंग फार धुतलेल्या चादरीसारखा झाला आहे. मित्रांनो, माझ्या गोष्टीत हसण्यासारखं जे काही आहे ते सगळं सुरुवातीलाच आहे. तेव्हा हसायचं असेल तर लवकर हसून घ्या.

माझा जन्म शिलाई मशीनवर झाला. ग्रंथालयाच्या मागच्या गल्लीत एक मावशी राहते. खुर्च्यांच्या खोळी, शाळेचे गणवेश, गाड्यांची आच्छादनं, येईल ते शिवते. एक दिवस तिच्याकडे भूगोलाचे सर आले. शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसं झाडं लावतात, फिरायला जातात. सरांनी मात्र माणसांच्या हक्कांवरच्या माहितीपटांचा महोत्सव भरवायचं डोक्यात घेतलं होतं. ग्रंथालयाच्या वरच्या सभागृहात, तीन दिवस, आणि सगळ्यांना फुकट.

मावशीनं जाड सुती कापडाचे तीन पन्हे, म्हणजे पूर्ण रुंदीचे तीन पट्टे घेतले आणि एकमेकांना जोडले.

"शिवण चपटी हवी हं," सर म्हणाले, "नाहीतर चित्रातल्या माणसांच्या तोंडावर रेघ येईल."

"सर, तुम्ही नकाशांचं बघा. शिवणीचं माझ्यावर सोडा," मावशी म्हणाली.

माझ्या वरच्या दुमडीत दोर ओवला तो तिच्या मुलानं. घरात त्याला बारक्या म्हणत. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून ते नाव पडलं आणि पुढे पोरगा सहा फुटांच्या वर गेला तरी नाव काही वाढलं नाही. तो डावखुरा होता. त्यामुळे मावशी त्याच्या शर्टाला खिसा उजवीकडे लावायची, म्हणजे डाव्या हाताला बरा पडतो. साऱ्या गावात उजवीकडे खिसा असलेला हा एकटाच. मित्र चिडवायचे, "आरशात बघून शिवलास का रे शर्ट?" मला टांगायला इतरांना स्टूल लागायचं, बारक्या नुसते हात वर करायचा.

आता माझं एक गुपित सांगतो. इतकी वर्षं चित्रपट माझ्या अंगावर पडले, पण त्यातला एकही मी पाहिलेला नाही. आपली पाठ आपल्याला दिसते का? तसंच आहे ते. मला दिसतात ती समोरच्या खुर्च्यांवरची माणसं. पडद्यावर काय चाललं आहे ते मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळतं.

फुकट ते पौष्टिक, या न्यायानं पहिल्या वर्षी बरीच माणसं आली. निम्मी पंख्याखाली बसायला आली होती. एक निवृत्त कारकून तर खास झोपायलाच यायचे. दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची त्यांची ठरलेली. सर कुणालाच उठवायचे नाहीत. म्हणायचे, "दार उघडं ठेवायचं. तिकीट लावलं तर ज्याची गोष्ट आहे तोच नेमका बाहेर राहील." तिसऱ्या वर्षी एका पाडलेल्या वस्तीवरचा माहितीपट लागला होता. कारकून मध्येच जागे झाले आणि मग शेवटपर्यंत त्यांचा डोळा लागला नाही. जाताना सरांजवळ थांबून म्हणाले, "घरं खाली करायच्या त्या नोटिसा मीच टाइप करायचो." पुढच्या वर्षीही ते आले. त्याच खुर्चीत बसले, पण झोपले नाहीत.

ते माझे चांगले दिवस होते. महोत्सव संपला की मावशी मला धुवायची, वाळवायची आणि नळीवर गुंडाळून ठेवायची. घडी कधी घातली नाही. लोक माझं कौतुक करायचे, शिवण शोधूनही सापडत नाही म्हणायचे. मावशी मान उडवायची, पण खूश व्हायची.

सरांचा एक नियम होता आणि सगळ्या चित्रपटवाल्यांना तो पाळावा लागे. माहितीपटात जे जे दिसतात त्यांना आधी विचारायचं. जो हो म्हणेल त्याचा चेहरा ठेवायचा. जो नको म्हणेल त्याचा पुसायचा, म्हणजे तिथे नुसता धुरकट डाग दिसेल असं करायचं. आणि जो सापडलाच नाही, त्याचाही पुसायचा. मूळ चित्रण नंतर मिटवून टाकायचं, कारण झडती झाली तर ते नको त्या हातात पडेल. नियम चांगला होता. त्यामुळे कितीतरी माणसांच्या नोकऱ्या वाचल्या असतील. मलाही तो पटायचा.

बारक्या बॉयलर बनवण्याच्या कारखान्यात वेल्डर झाला होता. महोत्सवाला सहा वर्षं झाली त्या साली तिथे एक बॉयलर फुटला आणि चार कामगार गेले. बाकीच्यांनी मोर्चा काढला. बारक्या सकाळी डबा घेऊन मोर्चाला गेला. तो आजपर्यंत घरी आलेला नाही.

मावशीनं किती पोलीस चौक्यांचे उंबरे झिजवले ते तिचं तिला माहीत. बारक्याची मोठी बहीण अर्ज लिहायची आणि मावशी ते घेऊन जायची. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळे: आम्ही असं कुणाला उचललेलं नाही. वर्षभरानं चौकशी बसली, पण चौकशी अधिकारीही म्हणाले, "तो मोर्चात होता याला पुरावा काय? गेला असेल घर सोडून. तरुण मुलं जातात." कारखान्यातले सोबती मावशी दिसली की रस्ता बदलायचे. मला त्या वर्षी स्टुलावर चढून दोघांनी टांगलं आणि तेही वाकडं.

मग पुढच्या महोत्सवाच्या आठ दिवस आधी सर धावतच मावशीकडे आले. त्यांना जिना चढून दम लागला होता.

"मावशी, त्या मोर्चावरचा माहितीपट आलाय. बाहेरगावची एक कॅमेरावाली त्या दिवशी तिथे होती. तिनं गाडीत कोंबलेली माणसं टिपली आहेत. मी अजून पाहिला नाही, पण त्यात तुमचा मुलगा असेल!"

चौकशीची पुढची तारीख दहा दिवसांवर होती. मावशीनं हातातलं शिवण बाजूला ठेवलं. तिनं मला ग्रंथालयातून घरी आणलं, दोनदा धुतलं आणि पाणी शिंपडून इंचाइंचानं इस्त्री केली. मधल्या पन्ह्यावर इस्त्री फिरवताना मोठ्या लेकीला म्हणाली, "इथे येईल बघ तोंड. इथे एकसुद्धा सुरकुती नको." मित्रांनो, मी कापड आहे. कापडाला देवाकडे काही मागता येत नाही, पण त्या दिवशी मी मागितलं.

माहितीपट दुपारी तीनला लागला. मावशी पहिल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीवर बसली. शेजारी मोठी होती. मागच्या रांगांमध्ये कारखान्यातले पंधरा-वीस जण होते, येऊन गुपचूप बसलेले. दिवे गेले. मी मावशीच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो, कारण मला चित्र तिथेच दिसणार होतं.

बराच वेळ ती नुसती शोधत होती. मग एकदम पुढे सरकली. तिचे ओठ हलले. आणि दुसऱ्याच क्षणी तिचा चेहरा असा झाला की तसा मी पूर्वी पाहिला नव्हता आणि पुन्हा पाहायची माझी छाती नाही.

"पुसलाय," ती म्हणाली. मग ओरडली, "अगं, पुसलंय त्याला! थांबवा ते!"

यंत्रावरच्या माणसानं चित्र थांबवलं. मावशी उठून माझ्यापाशी आली. माझ्या मधल्या पन्ह्यावर, जिथे तिनं इस्त्री फिरवली होती, तिथे तिनं हात ठेवला आणि घासला. काचेवरचा धूर पुसावा तसा घासला. तिचा तळवा गरम होता. मी काय करणार होतो? माझ्या अंगावर जे पडतं ते मी दाखवतो. जे पुसलं गेलं ते मी कुठून आणू?

कॅमेरावाली सभागृहातच होती. तरुण होती, कामाला पक्की होती. तिनं पिशवीतून यादी काढली. त्या चित्रणात तेवीस चेहरे होते. तिनं एकेकाचं चित्र काढून कारखान्याच्या फाटकावर विचारलं होतं. समोर खुणा होत्या: हो म्हणाला, नको म्हणाला, नको म्हणाला. अकराव्यापुढे लिहिलं होतं, 'सापडला नाही.'

"मी तीनदा गेले होते हो," ती सरांना म्हणाली. "सगळे एवढंच म्हणाले, तो सापडत नाही. का सापडत नाही ते कुणी सांगितलं नाही. नियम होता म्हणून..."

सर मटकन खाली बसले. नियम त्यांचाच होता.

"मूळचं आहे का तुझ्याकडे?" मावशीनं विचारलं.

फाटकावर दाखवलेली चित्रंही कॅमेरावालीनं नियमाप्रमाणे फाडून टाकली होती. तिनं मान हलवली. नाही.

"मग तू सांग. तू बघितलंस ना त्याला? कसा दिसत होता? घाबरला होता का? मारलं होतं का कुणी?"

"त्यानं गाडीत चढताना माझ्याकडे वळून बघितलं होतं," कॅमेरावाली म्हणाली आणि रडायला लागली. "पण मावशी, मला चेहरा आठवत नाहीये. इतके पुसले मी, की आठवत नाहीये."

मावशी पुन्हा माझ्याकडे वळली. सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाली, "हा शर्ट मी शिवलाय. खिसा बघा, उजवीकडे आहे. हा माझा बारक्या आहे. तुमच्यातले कितीजण त्या दिवशी त्याच्याबरोबर होते? तुमची तोंडं पुसली आहेत, तुम्हाला कुणी ओळखणार नाही. पण तुम्ही तर त्याला ओळखता ना? कुणीतरी येऊन सांगा, की हा तिथे होता. एवढंच सांगा. बाकी मी काही मागत नाही."

दिवे लागले. मित्रांनो, त्या वेळी सगळ्यांचे चेहरे फक्त मला आणि मावशीला दिसत होते. पंधरा-वीस माना खाली गेल्या. कुणी चपलेत पाय शोधू लागला, कुणाला एकाएकी खोकला आला. मग एकेक खुर्ची मिटली आणि माणसं भिंतीच्या कडेनं निघून गेली. मी त्यांना वाईट म्हणत नाही. प्रत्येकाच्या घरी चूल होती आणि चुलीमागे भीती होती. पण मला ते दिसलं, आणि ते विसरायची सोय मला नाही.

शेवटच्या रांगेत एक फिटर मात्र बसून राहिला. सभागृह रिकामं झाल्यावर तो पुढे आला. माझ्यावर अजून ते थांबलेलं चित्र होतं. त्यानं बारक्याच्या शेजारच्या डागावर बोट ठेवलं.

"मावशी, हा मी. मला खाली ढकललं आणि त्याला वर घेतलं. तो म्हणाला, माझा डबा तेवढा घरी दे. मी... मी तोही दिला नाही. घरी ठेवलाय. धुऊन ठेवलाय."

मावशीनं विचारलं, "सांगशील का चौकशीत?"

"माझी पोरगी लहान आहे हो, मावशी."

"असू दे," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच फार वाईट वाटलं. "डबा तरी आणून दे."

त्यानंतर मला काढलं, गुंडाळलं आणि कपाटामागे उभं केलं. पुढचे बारा महिने मी अंधारात होतो. तारखेचं काय झालं, फिटर गेला की नाही, मला काही कळेना. ग्रंथालय झाडणाऱ्या बाईच्या तोंडून एवढंच कानावर आलं, की खिशावरून माणूस ठरत नाही असं अधिकारी मावशीला म्हणाले. एका पावसात माझ्या खालच्या कडेला ओल लागली. उंदरानंही हात धुऊन घेतले. मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढच्या वर्षी मला पुन्हा टांगलं. सर फार थकले होते, पण महोत्सव त्यांनी बंद केला नव्हता. नियम मात्र बदलला होता. आता यादीत 'सापडला नाही' असं आलं की चेहरा पुसायच्या आधी विचारायचं, का सापडला नाही? त्याच्या घरी जाऊन विचारायचं. आणि तो घरच्यांनाही सापडत नसेल, तर चेहरा ठेवायचा, मोठा करून ठेवायचा. बारक्याच्या बाबतीत या शहाणपणाचा काही उपयोग नव्हता.

पहिल्या रांगेत मावशी आली. तिच्या शेजारी फिटर येऊन बसला. कारखान्याचे कपडे त्याच्या अंगावर नव्हते. तो चौकशीत बोलला होता आणि महिन्याच्या आत त्याची नोकरी गेली होती. आता तो सायकली दुरुस्त करतो. पण अधिकारी म्हणाले होते, एका साक्षीवर भागत नाही, दुसरा कुणी असेल तर आणा. दुसरा कुणी आलेला नाही. बारक्याही आलेला नाही.

दिवे जायच्या आधी मावशी उठली. तिनं आपली खुर्ची उचलून माझ्या पायाशी आणली आणि उलटी फिरवून, माझ्याकडे पाठ करून बसली. सर म्हणाले, "मावशी, चित्रपट दिसणार नाही तुम्हाला."

"मला चित्रपट नाही बघायचा," ती म्हणाली. "मला माणसं बघायची आहेत."

तेव्हापासून ती दर वर्षी तशीच बसते. तिला दिसतं ते आणि मला दिसतं ते आता एकच असतं. आम्ही दोघं रांगांमागून रांगा चाळतो आणि दिवे लागले की कुणाची मान वर राहते ते बघतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या पडद्यांना घडी घालू नका, नळीवर गुंडाळा. ओलीपासून जपा, उंदरांपासून जपा. पण कापड शेवटी फाटणारच, त्याचं मी फार मनावर घेत नाही. मागणं एकच आहे. महोत्सव फुकट आहे, दार उघडं आहे, तुम्हीही कधीतरी याल. चित्रपट संपेल, दिवे लागतील. तेव्हा लगेच चपला शोधू नका. क्षणभर वर बघा. तिथे एक बाई खुर्ची उलटी करून बसलेली असेल, आणि ती तुमच्याचकडे बघत असेल.