बोलोता जेवेना

जन्मभर मी सुईणपण केलं. आमच्या सेतुबाल गावच्या बंदराजवळ सकाळी कॉफी पीत बसलेल्या कितीतरी बाप्यांचं पहिलं रडणं मी ऐकलंय. त्यामुळे तान्ह्या जिवाची भूक मला कळते, असं मी धरूनच चालले होते.

माझा थोरला भाऊ बाल्ताझार आमच्या घराच्या गच्चीवर करडे पोपट पाळतो, लाल शेपटीचे. त्या वसंतात त्याच्या मादीनं आपल्या एकुलत्या पिल्लाला भरवायचं सोडून दिलं. हातानं भरवणं भाग होतं. पण दादाला कंपवात. चमचा चोचीपाशी नेईपर्यंत निम्मी पेज त्याच्या बाहीवर.

त्यानं गच्चीवरून हाक मारली, "इदालिना, वर ये! आईनं पोर टाकलंय."

पिल्लू कसलं, गुलाबी कातड्याचा गोळा. डोळे मिटलेले, मान धरवत नाही. मी त्याला बोलोता म्हणायला लागले. बोलोता म्हणजे ओकाच्या झाडाखाली पडतं ना ते फळ, तेवढंच होतं ते.

दादानं शिकवलं आणि मी शिकले. पेज कोमट हवी. गार झाली तर पिल्लू तोंड फिरवतं, फार गरम झाली तर गळ्याखालची पिशवी आतून भाजते. चमच्याच्या कडा आत वळवलेल्या. चोचीच्या दोन्ही बाजूंना जिथं मऊ असतं तिथं बोट टेकवायचं. बोट टेकलं रे टेकलं की तो गोळा जिवंत व्हायचा! हापशावर पाणी उपसावं तशी मान खालीवर, आणि सगळ्या अंगाचा जोर माझ्या बोटावर. एवढ्याशा जिवात ती ताकद कुठून येत होती, देव जाणे. पहिल्यांदा तर मी चमचाच सोडला.

"घाबरतेस काय?" दादा हसला. "आई त्याच्या तोंडात चोच घालून असंच हापसते. त्याला वाटतंय, तू त्याची आई आहेस."

"चोच तेवढी नाही मला."

"तुझं नाक आहे की चोचीएवढं."

पुढं डोळे उघडले, अंगावर सुयांसारखी टोकं आली, टोकांतून राखी पिसं फुटली. जिन्यावर माझी पावलं वाजली की बोलोता घोगऱ्या आवाजात कुरकुरायला लागायचा आणि पोट भरेपर्यंत थांबायचा नाही. मग माझ्या मांडीत, मान पिसांत खुपसून झोप. अंग पिसांनी भरल्यावर मी त्याला गच्चीवरून खाली माझ्या स्वयंपाकघरात आणलं.

आणि एक दिवस त्यानं चमचा ढकलला.

मला वाटलं, पेज गार असेल. पुन्हा गरम केली. त्यानं चोच घट्ट मिटली आणि मान झटकली. सगळी पेज माझ्या चष्म्यावर. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. दादाच्या तराजूवर वजन रोज थोडं थोडं उतरत होतं. आणि हा उपाशी बाबा स्वस्थ बसेल तर ना! टेबलाची कड नखांनी घट्ट धरायचा आणि पंख असे फडफडवायचा की रुमाल उडून जमिनीवर पडायचे.

"दादा, पोर आजारी आहे."

"आजारी नाही. उडायची वेळ आली. अंग हलकं करतोय."

"कुणी सांगितलं त्याला अंग हलकं करायला? जे पोर खात नाही ते मरतं, बाल्ताझार. मी पाहिलंय."

"तू माणसांची पोरं पाहिलीस. आणि हे बघ, चोच उघडून कोंबू नकोस. मान हापसत नसताना घातलेली पेज फुफ्फुसात उतरते."

मी त्याचं ऐकलं नाही. बोलोताला टोपलीत घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी डोळे, घसा, विष्ठा, सगळं तपासलं.

"ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "तुमचे भाऊ म्हणतात तेच खरं. चमचा पुढं करत राहा, पण जबरदस्ती नको."

आता दोघं एकच सांगत होते, तरी माझा जीव थाऱ्यावर येईना. मी चमचा घेऊन त्याच्यासमोर बसायची. तो माझ्याकडे बघायचा नाही. त्याची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे, खोलीच्या उंच रिकाम्या भागात. मान तिरकी करून तो ती हवा मोजत असल्यासारखा बघायचा.

रविवारी दुपारी मी चुलीवरचे मासे उलटत होते. दादानं खिडक्या आधीच लावून घेतलेल्या. मागं टेबलावर फडफड सुरू होती, रोजचीच. मग ती बदलली. मी वळले, तर टेबलावर कुणी नव्हतं.

बोलोता हवेत होता! दिव्याला वळसा घालून, दादाच्या टकलावरून, पंखांच्या वाऱ्यानं पडदे हलवत तो खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि कपाटाच्या माथ्यावर धडपडत उतरला. आईला त्यानं कधी उडताना पाहिलं नव्हतं. ती पिंजऱ्यात, तो माझ्या स्वयंपाकघरात. दिव्याला चुकवायचं, उतरताना पाय पुढं काढायचे, शेपटी पसरायची, हे त्याला कुठल्या आईनं शिकवलं? मी तर नाही. मी त्याला फक्त पेज दिली.

माझ्या अंगावर काटा आला. खरंच सांगते, एवढी बाळं या हातांवर आली, पण असं काही कधी पाहिलं नव्हतं. मी खुर्चीवर बसकण मारली. दादा टोपी हातात घेऊन, चर्चमध्ये उभं राहावं तसा उभा होता.

"मासे करपतायत," तो हळूच म्हणाला.

"करपू देत."

तेवढ्यात वरून आवाज आला. घोगरी, हट्टी कुरकुर. बोलोताला भूक लागली होती. आणि खाली कसं यायचं ते त्याला माहीत नव्हतं. मी पेज कोमट केली, खुर्ची सरकवली, दादानं खुर्ची धरली आणि मी वर चढले. धुळीनं माखलेल्या त्या माथ्यावर त्यानं माझ्या चमच्यावर झडप घातली आणि मान हापसायला लागला, पहिल्या दिवशीसारखाच.

आता तो सफरचंद खातो, शेंगा फोडतो, दादाच्या टोपीवर बसून बंदरातल्या बोटींच्या भोंग्यांची नक्कल करतो. पण नवं माणूस घरात आलं किंवा वीज कडाडली की अजूनही माझ्या कुशीत शिरून कुरकुरतो.

"लाडावलंस त्याला," दादा म्हणतो.

"असू दे," मी म्हणते, आणि पेज गरम करायला ठेवते.