तिसऱ्या क्रौंचाची जागा

मित्रांनो, मी एक चित्र आहे. फारसे जुने नाही, पण दातांच्या दवाखान्यात टांगल्यापासून भराभर म्हातारे झाले.

जपानी चित्रांच्या वेडापायी ताईने मला हातकागदावर शाईने काढले. वर चेरीची फुललेली फांदी, खाली पाणी, काठावर दोन क्रौंच. उजवीकडे कागद कोराच. तिकडचे चित्रकार अशी जागा मुद्दाम सोडतात म्हणे. ताईने ती धाकटीसाठी सोडली होती. तिघे भावंडे होती. धाकटी आजारात गेली, दोघे उरले. दोन्ही क्रौंच त्या कोऱ्या जागेकडे बघत असत.

दवाखाना मधल्या भावाचा. बाहेर डॉक्टर, घरात पिंट्या. ताई अधूनमधून यायची. दात न दाखवता बाकावर बसायची, माझी कोरी बाजू बघायची आणि निघून जायची. पेशंट मात्र सुजल्या गालाने विचारत, "डॉक्टर, बगळ्यांच्या शेजारी काय राहिलंय?"

पिंट्या म्हणे, "आ करा."

एके दिवशी त्याने दवाखान्याची पाटी रंगवणाऱ्या पेंटरला बोलावले. पेंटरने ऑइलपेंटने तिसरा क्रौंच काढला आणि सांगितल्याप्रमाणे चोचीत दोन मोठे दात बसवले. मित्रांनो, क्रौंचाला दात नसतात. हे दोघांनाही ठाऊक होते, आणि त्यातला एक तर दातांचाच डॉक्टर होता.

ताई आली. बराच वेळ उभीच राहिली.

"दात कशाला रे, पिंट्या?"

"तिचे पुढे होते ना. हसताना तोंडावर हात धरायची. मी म्हणायचो, थांब, शिकून डॉक्टर झालो की तार लावून देतो."

"अरे, जागा ठेवली होती मी तिची."

"रोज कुणीतरी विचारायचं, ताई, काय राहिलंय म्हणून. काय सांगू?"

ताईला हसू आले. तिने तोंडावर हात धरला, मग तोच हात डोळ्यांवर गेला. रंग कागदात मुरला होता. खरवडला असता तर मी फाटले असते.

ताई अजूनही येते. पण आता माझ्याकडे पाठ करून बसते.

मित्रांनो, एकच विनंती. कुठे रिकामी जागा दिसली, तर लगेच भरायला धावू नका. तिथे कुणीतरी बसलेले असते.