इस्त्री करून आणलेला स्कर्ट

माझी आत्या कापडाला चुण्या पाडून देते. तिच्या कारखान्यातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे घड्या घातलेले जाड कागद. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक लांबलचक टेबल आणि वाफेची पेटी. चुण्यांचा साचा म्हणजे एकात एक बसणारे, अगदी सारख्या घड्यांचे दोन कागद. ते टेबलावर ताणून सपाट करायचे, कडांना वजनं ठेवायची, दोहोंच्या मध्ये कापड अंथरायचं. वजनं काढली की कागद आपल्या जुन्या घड्यांवर मिटतो आणि कापडालाही सोबत मिटवतो. मग ते गाठोडं लाकडी पट्ट्यांमध्ये आवळून पेटीत ठेवायचं, वाफ द्यायची आणि गार होऊ द्यायचं. कागद वापरून वापरून मऊ पडतो, घडीवर फाटतो. तसं झालं की आत्या म्हणते, "गेला बिचारा."

असा एक साचा ती लहान असतानाच गेला होता. तो आजोबांनी, म्हणजे आत्याच्या अण्णांनी, बनवला होता. त्या चुणीला कारखान्यात 'पाखरू' म्हणत, आणि हे नाव खुद्द आत्यानंच चार-पाच वर्षांची असताना ठेवलं होतं. फॅशन बदलली, कुणी तशी चुणी मागेना, कागद विरला. आजोबा म्हणायचे, काम आलं की दाखवीन. काम काही आलं नाही. आजोबा गेल्यावर आत्यानं आठवणीतून ती चुणी पुन्हा बसवायचा प्रयत्न सुरू केला. माळ्यावर त्या फसलेल्या कागदांची एक वळकटीच आहे. सगळ्यांचं दुखणं एकच: चुणी पडते, पण आडवी पडून राहते. आजोबांची उभी राहायची.

त्यामुळे शहरातल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरनं जुन्या कारागिरांचं पंधरवडाभराचं पॉप-अप, म्हणजे तात्पुरतं प्रदर्शन, करायचं ठरवलं, तेव्हा आत्या लगेच हो म्हणाली याचं बाबांना नवल वाटलं. ती लग्नकार्यालाही दोन तासांच्या वर थांबत नाही. खरं कारण मला बोलावणं वाचल्यावर कळलं. त्यात खाली लिहिलं होतं की, या कारागिरांकडून करून घेतलेले जुने कपडे लोकांनी प्रदर्शनासाठी घेऊन यावेत.

"कुणाच्या तरी कपाटात असेलच ना गं एखादं पाखरू," ती म्हणाली. "मला घरोघरी जाऊन कपाटं उघडता येत नाहीत. ते आयतं बोलावतायत."

मी पदार्थविज्ञानाची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते, तेव्हा मलाच बरोबर घेतलं. आमचं टेबल तिसऱ्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी होतं. शेजारी टोपीवाले काका होते. ते लाकडी ठोकळ्यावर ओला नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, ताणायचे आणि तोंडानं अखंड बोलत राहायचे.

"ताई, तुमचं बरंय," ते आत्याला म्हणायचे. "वाफ निघाली की गर्दी जमते. माझ्या ठोकळ्याकडे बघून लोक विचारतात, हे डोकं कुणाचं?"

"मग सांगायचं, विचारणाऱ्याचं," आत्या म्हणाली.

पहिले काही दिवस लोकांनी बरंच काही आणलं. बाह्यांच्या चुण्या, गळपट्ट्या, एक पडदासुद्धा. आत्या प्रत्येक गोष्ट उलटी करून बघायची, छान म्हणायची आणि परत द्यायची. पाखरू काही आलं नाही. ती जिन्याकडे तोंड करूनच बसायची. पिशवी घेतलेलं कुणी वर येताना दिसलं की चष्मा लावायची.

मग एका दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. त्या दातांच्या डॉक्टर होत्या, हे त्यांनी नाव सांगायच्या आधीच सांगितलं, कारण त्यांना पेशंट सोडून यावं लागलं होतं. त्यांनी पिशवीतून हिरवा लोकरी स्कर्ट काढला.

"माझ्या आईचा. तुमच्या वडिलांकडून करून घेतलेला. ती सांगायची, चालताना काहीतरी पक्षी उडाल्यासारखं होतं म्हणून."

आत्याचे हात टेबलाच्या कडेवर आले. डॉक्टरीणबाईंनी स्कर्ट पसरला. तो चादरीसारखा सपाट होता. एकही घडी नाही.

"कपाटात नुसता चुरगळून पडला होता," त्या म्हणाल्या. "म्हटलं, प्रदर्शनाला द्यायचा तर नीट द्यावा. अख्खा रविवार ओलं फडकं घालून इस्त्री करत होते. फार चिवट सुरकुत्या हो, जातच नव्हत्या."

टोपीवाले काका नमदा तसाच सोडून बघायला लागले.

आत्यानं स्कर्टवरून हात फिरवला. "छान केलीय इस्त्री," ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसली.

डॉक्टरीणबाई काही खुळ्या नव्हत्या. त्यांनी आमच्या तोंडांकडे बघितलं, टेबलावरच्या गाठोड्यांकडे बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. "त्या सुरकुत्या नव्हत्या तर," त्या हळूच म्हणाल्या. मग, "मी दिवसभर लोकांना सांगते, न विचारता घरच्या घरी काही करू नका."

"जाऊ द्या. स्वच्छ आहे, कसर लागलेली नाही. तेही काय थोडं आहे," आत्या म्हणाली. पण चष्मा तिनं काढून ठेवला होता.

लोकर म्हणजे शेवटी केसच. ओली उष्णता मिळाली की तिच्या आतली बंधनं सुटतात, आणि ती ज्या आकारात गार होते त्या आकारात नवी बांधली जातात. रविवारी डॉक्टरीणबाईंनी तेच केलं होतं, फक्त सपाट आकारात. घडी परत मिळण्यासारखी नव्हती, हे मला कळत होतं. तरी मी स्कर्ट उचलून खिडकीकडे नेला, कारण टेबलावरच्या पिवळ्या दिव्यात मला त्यावर काहीतरी दिसल्यासारखं वाटत होतं आणि ते काय आहे हे न बघता मला राहवत नव्हतं.

खिडकीच्या उजेडात स्कर्ट एका हिरव्या रंगाचा राहिला नाही. त्यावर वरपासून खालपर्यंत पट्टे होते. फिका, मध्यम, फिका, मध्यम.

"आत्या, इकडे ये."

"आता काय?"

"ये तर."

वर्षानुवर्षं ऊन आणि दिव्याचा उजेड खाऊन कापड विटतं. पण जो भाग घडीच्या आत असतो त्याला उजेड मिळत नाही, तो कमी विटतो. घडी इस्त्रीनं गेली, तरी ती कुठे होती हे रंगानं धरून ठेवलं होतं. मी हे सांगत असताना आत्यानं कधी चष्मा लावला ते मला कळलं नाही. ती नाक कापडाला टेकेल इतकी वाकली होती.

"फिका म्हणजे दर्शनी भाग. मध्यम म्हणजे आतला," ती पुटपुटली. "रुंदी मी धरते तेवढीच आहे. मग माझी आडवी का पडते?"

"हा एक काळपट दोरा दिसतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून छोटा टॉर्च काढला होता, दातांसाठी वापरतात तो. "प्रत्येक मध्यम पट्ट्याच्या मधोमध. बघा."

खरंच होता. बोटभरापेक्षाही अरुंद, गर्द हिरवा पट्टा.

"शिवण असेल," मी म्हणाले. "शिवणीच्या आतलं कापड विटत नाही."

डॉक्टरीणबाईंनी टॉर्च जवळ नेला. सुईचं एकही भोक नव्हतं. मग मी म्हणाले, तो घडीचा सगळ्यात खोल भाग असेल, तिथे उजेड सगळ्यात कमी. पण हे मलाच पटेना. उजेड आत जाता जाता हळूहळू कमी होत जातो. त्यामुळे रंगही मध्यमाकडून गर्दकडे हळूहळू सरकत गेला पाहिजे. इथे गर्द पट्टा पट्टीनं आखल्यासारखा सुरू होत होता आणि तसाच संपत होता.

"कड इतकी धारदार असेल तर तिथे..."

"तिथे घडी आहे," आत्या म्हणाली. "चुणीच्या पोटात आणखी एक बारकी चुणी."

ती उलट्या पावली टेबलाकडे गेली आणि एक कागद ओढून घेतला. नेहमीच्या चुण्या तिनं भराभर घातल्या. मग प्रत्येकीच्या पोटात नखानं एक बारकी घडी उलट्या दिशेला मोडली. कागद टेबलावर ठेवून हात काढला. चुण्या आडव्या पडल्या नाहीत. आतल्या घडीनं प्रत्येकीला खालून किंचित उचलून धरलं होतं.

आत्यानं एक चुणी बोटानं दाबली; ती पुन्हा उभी राहिली. मग हसायलाच लागली.

"माळ्यावर वळकटी भरली माझी. आणि अण्णांनी आतून टेकू लावून ठेवलेला. बाहेरून दिसणार कसा?"

"विचारायचं नाही का वडिलांना?" टोपीवाल्या काकांनी विचारलं.

"तुम्ही विचारायचा तुमच्या वडिलांना?"

"आमचे टोपीतूनच बोलायचे," काका म्हणाले आणि ठोकळ्याकडे वळले.

एवढ्यात प्रदर्शन सांभाळणारी मॅनेजर आली. चटपटीत मुलगी होती, कानात सतत काहीतरी ऐकू येत असल्यासारखी मान कलती. तिला सगळं सांगितल्यावर तिचे डोळे चमकले. स्कर्ट असाच, पट्ट्यांसकट, काचेत लावू या, म्हणाली, दारातच.

मला ते पटलं, हे मी कबूल करते. तो स्कर्ट म्हणजे पुरावा होता. पुन्हा चुण्या घातल्या की पट्टे परत घडीत जाणार. आत्या डॉक्टरीणबाईंकडे बघत होती. कागदाची घडी बघून तिचं समाधान झालं नव्हतं; तिला पाखरू कापडात आणि चालताना बघायचं होतं. पण स्कर्ट तिचा नव्हता.

"कापड अजून सोसेल का वाफ?" डॉक्टरीणबाईंनी आत्याला विचारलं.

"सोसेल. पण आधी मी दुसऱ्या लोकरीवर करून बघणार. मग याला हात लावणार."

"मग घाला चुण्या. काचेत ठेवायला आमच्याकडे आईचे कप आहेत."

मॅनेजर हिरमुसली, पण लगेच सावरली. "ठीक आहे. मग उघडायचा कार्यक्रम उद्या पाच वाजता ठेवू. पेटीतून काढला की लगेच. वाफ निघत असताना फोटो फार सुंदर येतो."

"गरम उघडला तर चुणी राहत नाही, बाळा."

"थोडासा?"

"थोडासा गरम असतो तेव्हाच तर सगळं बिघडतं," मी म्हणाले, आणि बंधनांबद्दल सांगायला लागले. मॅनेजरनं ते ऐकून घेतलं. शेवटी तडजोड अशी झाली की पाच वाजता सगळ्यांना भरपूर वाफ दाखवायची, आणि गाठोडं न उघडता रात्रभर गार व्हायला ठेवायचं.

तो दिवस आणि पुढचा सगळा दिवस आम्ही साचा बनवण्यात घालवला. मी पट्ट्यांवर पारदर्शक कागद ठेवून खुणा उतरवून घेतल्या, आत्यानं त्यांवरून दोन्ही जाड कागद आखले. आखताना ती एकाही खुणेशी वाद घालत नव्हती. एरवी माझ्या प्रत्येक मापाशी घालते. करड्या लोकरीच्या तुकड्यावर पहिला प्रयोग केला. तो गार झाल्यावर चुण्या उभ्या राहिल्या. आत्या म्हणाली, "बरा आहे," आणि स्कर्ट साच्यात घातला. मिटताना कागदानं पट्टे एकेक करून गिळले. संध्याकाळी पाचला वाफ निघाली, लोकांनी फोटो काढले, कुणीतरी विचारलं की आत काय शिजतंय.

दुसऱ्या सकाळी स्टोअर उघडायच्या आधी डॉक्टरीणबाई आल्या. आत्यानं पट्ट्या सोडल्या, वरचा कागद उचलला. स्कर्ट साऱ्या लांबीभर एकसारखा फिका हिरवा दिसत होता. गर्द पट्ट्यांचं नावनिशाण नव्हतं. डॉक्टरीणबाई तो घेऊन ट्रायल रूममध्ये गेल्या आणि घालून बाहेर आल्या. त्यांना तो जरा आखूड होत होता.

"जरा चालता का?" आत्या म्हणाली.

त्या हातमोज्यांच्या काउंटरपर्यंत गेल्या, परत आल्या. चुण्या हलत होत्या, उभ्या होत्या, सुंदर होत्या. मी आत्याकडे बघितलं. तिची मान नाही म्हणत होती.

"काय चुकलं?"

"चुकलं नाही गं. पण हे पाखरू नाही. ते फडफडायचं."

मी खुणा पुन्हा मनात तपासायला लागले. पट्टा, कड, उलट घडी. कागद घसरला असेल का? आत्या मात्र स्कर्टकडे बघत नव्हती. ती आजूबाजूला काहीतरी शोधत होती. मग तिनं टोपीवाल्या काकांचा पाय टेकायचा बुटका पाट ओढला आणि त्यावर बसली. गुडघे हनुवटीशी आले.

"मी एवढी होते तेव्हा," ती म्हणाली. "आता चाला."

डॉक्टरीणबाई चालल्या. आत्याच्या तोंडावर जे उमटलं ते बघून मीही खाली, जमिनीवरच बसले.

खालून ते वेगळंच होतं. पाऊल पुढे पडलं की चुणी उचलायची, तिच्या पोटातली बारकी चुणी क्षणभर उघडायची, आणि आत गर्द हिरवं काहीतरी चमकून मिटायचं. एकामागून एक, सगळ्या घेरभर. उजेड वरून येतो, म्हणून तिथपर्यंत पोहोचला नव्हता. उभ्या माणसाची नजरही वरूनच येते.

"हेच?" मी विचारलं.

"हेच." ती आणखी खाली वाकली. "फक्त ही आतली हिरवी चमक तेव्हा नव्हती."

"तेव्हा सगळाच स्कर्ट त्या रंगाचा असेल ना."

"हो की," आत्या म्हणाली. "म्हणजे हे अण्णांनीही बघितलं नसणार."

काउंटरपाशी पोहोचून डॉक्टरीणबाईंनी वळून बघितलं. आम्ही दोघी जमिनीलगत, माना वाकड्या करून बसलेल्या. आमच्या मागे टोपीवाले काका ठोकळा काखेत धरून ओणवे झाले होते.

"झालं का?" त्यांनी विचारलं. "माझा पेशंट तोंड उघडून बसला असेल."

"अजून एक फेरी मारा," आत्या म्हणाली. "सावकाश."