दिवेलागणीचं विरजण

आमच्या घरात दोन कायदे चालतात. एक सरकारचा आणि एक गोजाबाईचा. सरकारचा मोडला तर दंड भरून सुटता येतं. गोजाबाई माझी बायको आहे, तेव्हा तिच्या कायद्यातून सुटका नाही. त्यातलं पहिलं कलम असं, की दिवे लागल्यावर दूध, दही, विरजण उंबऱ्याबाहेर द्यायचं नाही. दिलं तर लक्ष्मी त्याच्या मागोमाग चालती होते.

थेरगाव आमचं मूळ गाव. डांगे चौकाकडं शेत होतं तिथं आता कपड्यांची दुकानं आहेत आणि गोठा होता तिथं लोक गाड्या लावतात. जमीन गेली, म्हशी गेल्या, मीही कंपनीत आयुष्य काढून घरी बसलो. पण विरजण तेच राहिलं. माझी आई गेली त्या दिवशीही गोजाबाईनं आईच्या गाडग्यातलं चमचाभर दही काढून दुधाला लावलं होतं, आणि तेच रोज पुढं चालत आलंय. दूध पिशवीतलं, विरजण सासूचं. सासूशी जन्मभर पटलं नाही, विरजणाशी मात्र पटलं.

आमच्या दारासमोर अरुंद बोळ आणि बोळाच्या पलीकडं माझ्या चुलतभावाची चार मजली इमारत. तिच्या तळमजल्यावरच्या खोलीचं दार आमच्या दाराच्या बरोब्बर समोर येतं. त्या खोलीत दिवाळीनंतर सुजित आणि वर्षाली हे जोडपं राहायला आलं. अंबाजोगाईकडचं. तो चाकणला कंपनीत, बहुतेक रात्रपाळीला. ती भोसरीला, गाड्यांच्या वायरी जोडायच्या कामावर. मराठवाड्याची माणसं आमच्याकडं आता आमच्यापेक्षा जास्त झालीत, तरी गावातले जुने लोक त्यांना 'भाईरचे' म्हणतात. मीही म्हणायचो, खोटं कशाला बोलू?

आल्यावर आठवडाभरात वर्षाली आमच्या दारात उभी राहिली. कंपनीचा ढगळ कोट अंगावर, तोंडाला बांधलेला स्कार्फ नुकता सोडलेला, हातात स्टीलची वाटी. गोजाबाई तुळशीपुढं दिवा लावून आत वळत होती.

"मावशी, थोडं विरजण मिळंल का?"

"न्हाई," गोजाबाई म्हणाली, आणि दार लोटलं.

मी पेपर वाचत होतो. "अगं, चमचाभर दिलं असतं तर काय दही संपणार होतं?"

"दिवं लागल्यात."

"मग तसं सांगायचं तिला."

"ह्ये काय सांगायचं आस्तंय? बाईमानसाला ठावं आस्तंय."

चार-पाच दिवसांनी पोरगी परत आली. पुन्हा तीच वेळ, तीच वाटी. पुन्हा तेच "न्हाई". या खेपेला गोजाबाईच्या मनात भलतंच आलं. "नेमकी दिवा लावतानाच कशी येती वं ही? कुनी शिकवून धाडलीया का काय?" मी म्हटलं, कंपनीची बस तिला त्याच वेळेला सोडते, त्याआधी ती येणार कुठून? पण माझं ऐकायची आमच्याकडं पद्धत नाही.

त्यानंतर वर्षाली आली नाही. बोळात समोरासमोर गाठ पडली तर मान खाली घालून जायची. गोजाबाईही मान वर करून जायची. दाराला दार, आणि दोन्ही बंद. मला या गोष्टीचा वैताग यायचा. म्हशी होत्या तेव्हा आख्खी आळी आमच्याकडं ताकाला यायची आणि गप्पा हाणत बसायची. आता दारात एक माणूस येत होतं, तेही आम्ही घालवलं.

मग एका सकाळी रात्रपाळी करून आलेला सुजित मला चौकातल्या टपरीवर भेटला. सरळ पोरगा. त्यानं माझा चहा सांगितला आणि कपाकडं बघत म्हणाला, "काका, आम्ही खोली सोडायलोत. चाकणकडं बघायलोत दुसरी."

"का रे? भाऊ काही बोलला का?"

"नाही नाही, मालक चांगले हायत. वर्षालीला सातवा लागलाय, काका. मी रातभर कंपनीत. तिकडं कंपनीजवळ राहिलं तर काही झालं तर पळत तरी येता येईल. हितं तिला हाक मारायला कोणी नाही."

"अरे, आम्ही समोर मेलो का काय?"

त्यानं कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "ती दोनदा आली होती तुमच्याकडं. तिला वाटलं, आम्ही बीडचे, भाड्यानं राहणारे, म्हणून देत नसतील. लई रडली त्या दिवशी. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळं माहेरी जाता येईना. आई बाळंतपणाला हितंच येणार, पण तीही ऐन वेळेला. तोपर्यंत कोणाच्या भरवशावर ठेवू तिला?"

चहा तसाच ठेवून मी उठलो. घरी येऊन मी गोजाबाईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तिचा हात सुपातच थांबला.

"पोटुशी हाय? त्या कोटात मला दिसलंच न्हाई," ती म्हणाली. "आन मी तिला रिकाम्या वाटीनं माघारी धाडली? दोनदा?"

गोजाबाईच्या कायद्यात दुसरंही एक कलम आहे. दोन जिवांची बाई दारातून विन्मुख जाता कामा नये. आता दोन कलमं एकमेकांसमोर शिंगं रोखून उभी राहिली आणि मध्ये सापडली गोजाबाई. मला थोडी गंमत वाटली, पण तिचा चेहरा बघून गंमत पळाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. गोजाबाईच्या डोळ्यांत पाणी मी फारदा पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर ती वाटीभर दही घेऊन समोर गेली. दाराला कुलूप. वर्षाली भोसरीला, सुजित झोपायला मित्राकडं, कारण दिवसा बोळातल्या गलक्यात त्याला झोप लागायची नाही. गोजाबाईनं वाटीवर झाकण ठेवून ती खिडकीत ठेवली. दुपारी बघतो तर झाकण खाली आणि मांजर मिशा चाटत बसलेलं. त्याच्या पुढच्या दिवशी पहाटेच उठून गेली, तर बस पकडायला पोरगी नुकती बाहेर पडलेली. गुरुवारी तिची सुट्टी असते म्हणून गोजाबाई सकाळपासून बोळावर डोळा ठेवून बसली, तर दोघं सकाळीच चाकणला खोली बघायला गेली होती. गोजाबाईला द्यायची मुभा दिवसा, आणि वर्षाली घरी असणार दिवे लागल्यावर. मी म्हटलं, "एक दिवस कायदा मोड की." तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी पेपर उघडला.

त्या गुरुवारी तिन्हीसांजेला दोघं परत आली. सुजित आवरून कामावर गेला. गोजाबाईनं तुळशीपुढं दिवा लावला, पदर खोचला आणि रिकाम्या हातानं बोळ ओलांडून समोरचं दार वाजवलं. मी आमच्या उंबऱ्यात उभा राहिलो. भांडण झालं तर सोडवायला कुणीतरी हवं.

वर्षालीनं दार उघडलं. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, तशी ती दाराच्या कडेला धरून उभी राहिली.

"खोली मिळाली?" गोजाबाईनं विचारलं.

"मिळाली. रविवारी सांगायचंय त्यांना."

"दिवं लागल्यावर इरजण घराभाईर देत न्हाईत, पोरी. म्हून न्हाई म्हनलं. दुसरं कायबी न्हाई त्यात."

वर्षाली तिच्याकडं बघतच राहिली. "मग तसं सांगायचं ना, मावशी! आमच्याकडं मीठ देत नाहीत. विरजणाला कोणी काही म्हणत नाही."

"मला काय ठावं तुमच्याकडं इरजणाला चालतंय?"

"आणि मला काय माहीत तुमच्याकडं चालत नाही?"

 मग वर्षालीचा आवाज एकदम फुटला. "मी दह्यासाठी आलेच नव्हते, मावशी. दही काय, कोपऱ्यावरच्या डेअरीत मिळतं. निघताना आई म्हणली होती, नव्या जागी गेलीस की आधी शेजारणीकडं काहीतरी मागायला जा. मागितलं की माणूस जोडलं जातंय. मला इथं माणूस पाहिजे होतं हो. एकटीला रात्री भ्या वाटतंय."

ताकाला जाऊन भांडं लपवू नये, म्हणतात. या पोरीनं भांडं पुढं धरलं होतं आणि खरं मागणं तेवढं पोटात ठेवलं होतं.  गोजाबाईनं पदरानं आधी तिचे डोळे पुसले आणि मग स्वतःचे.

"दूध हाय का घरात?" तिनं विचारलं.

"हाय. तापवून ठेवलंय."

"आन इकडं. इरजण माझ्या घरातनं भाईर न्हाई यायचं. तुझं दूध आत यायला कोन आडवतंय? माझ्या चुलीम्होरं लावू. सकाळी घिऊन जा तुझं दही."

मला राहवलं नाही. मी उंबऱ्यातून म्हटलं, "अगं, दिवे लागल्यावर तिचं दूध घराबाहेर आलं, मग तिची लक्ष्मी गं?"

"तुमी गप बसा. लई शहानं."

वर्षाली रडता रडता हसली. झाकण घातलेलं पातेलं दोन्ही हातांत धरून ती बोळ ओलांडून आमच्या घरात आली. त्या संध्याकाळी ती जेवूनच गेली. रविवारी चाकणच्या खोलीला 'नको' म्हणून कळवलं.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी पातेलं यायचं, सकाळी बसच्या आधी दही जायचं. येताना ती "मावशी ऽ" करायची आणि गोजाबाई आतून "आले गं" म्हणायची. पातेल्याबरोबर कधी तिच्या गावाकडची शेंगदाण्याची चटणी यायची, कधी आमच्याकडून मेथीची भाजी जायची, अर्थात दिवसाउजेडी. पुढं पोट वाढलं तशी तिनं कंपनी सोडली. सकाळची हाक मात्र सुटली नाही. बस नव्हती तरी ती त्याच वेळेला यायची आणि मग दोघी चहा पीत बसायच्या. मला माझा चहा स्वतः करून घ्यावा लागायचा, पण त्याबद्दल मी तक्रार करत नाही.

नवव्या महिन्यातली एक सकाळ. मी दात घासत होतो. बोळात पाण्याची मोटर घरघरत होती. गोजाबाई स्वयंपाकघरात होती, आणि ओट्यावर वर्षालीचं पातेलं तसंच झाकलेलं.

"आवं, पोरगी आली न्हाई आजून."

"झोपली असेल. आता काय कंपनी आहे का तिला?"

"झोपायची न्हाई ती." गोजाबाईनं पातेल्याकडं बघितलं, पदराला हात पुसले आणि चप्पल न घालताच बोळ ओलांडला.

दारावर थापा मारल्या, हाका मारल्या. उत्तर नाही. मी धावत जाऊन मोटर बंद केली. तेव्हा आतून बारीक आवाज आला. "मावशी..." मग काहीतरी सरपटल्यासारखं झालं आणि बऱ्याच वेळानं कडी निघाली. वर्षाली दाराशीच जमिनीवर बसली होती. दारालगतच्या मोरीत पाय घसरून पडली होती, पाणमोट फुटली होती, कळा सुरू झाल्या होत्या. फोन पार पलीकडं कॉटपाशी चार्जिंगला, तिथवर तिला जाता येईना. ती केव्हाची हाका मारत होती, पण मोटरच्या घरघरीत आख्ख्या आळीला ऐकू गेल्या नव्हत्या.

"भिऊ नगं. म्या हाय," गोजाबाई म्हणाली आणि खाली बसून तिला मिठीत घेतलं. मी रिक्षा आणायला पळालो. या वयात मी पळू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. रिक्षात वर्षालीनं गोजाबाईचा हात असा धरला होता, की दोन दिवस त्यावर बोटं उमटलेली होती.

सुजित चाकणहून थेट दवाखान्यातच आला. दुपारच्या आत मुलगी झाली. आई-लेक दोघी ठीक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. सुजित भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. गोजाबाई त्याला म्हणाली, "रडतुस कशाला? जा, च्या पी." आणि मग स्वतःच कोपऱ्यात जाऊन बसली. मी तिच्या शेजारी बसलो. 

दुसऱ्या दिवशी गावाकडून वर्षालीची आई, चिमाबाई, एसटीनं आली. आधी दवाखान्यात जाऊन लेक आणि नात बघितली, मग खोलीवर येऊन झाडलोट केली, दूध तापवलं. संध्याकाळ झाली. गोजाबाई तुळशीपुढं दिवा लावून आत वळत होती, तोच दारात एक उन्हानं रापलेली बाई उभी राहिली. हातात तीच स्टीलची वाटी.

"ताई, जरा विरजण मिळंल का? वर्षी म्हणली, दही तुमच्याच विरजणाचं लागतंय म्हणून."

मी पेपर खाली ठेवला. बिचारीला काय माहीत इथला कायदा? लेकीनं सांगितलं नसावं. मी मध्ये पडून सांगणार होतो, की बाई, पातेलंच घेऊन आत या.

गोजाबाईनं दिव्याकडं बघितलं. मग त्या बाईकडं बघितलं. हातातली वाटी घेतली, आत गेली आणि भरून घेऊन आली. चमचाभर नाही, काठोकाठ. चिमाबाई वाटी सांभाळत बोळ ओलांडून गेली आणि समोरच्या खोलीत दिसेनाशी झाली.

मी गोजाबाईकडं बघत राहिलो.

"आसं काय बघताय?" ती म्हणाली. "घराभाईर कुटं दिलंय? समूर तर दिलंय."