घरचा डोळा

मधुसूदनला आपल्या अकलेचा फार अभिमान होता आणि तोच नडला. झाशीच्या रेल्वे कारखान्यात तो वेल्डर. वेल्डिंगची कांडी आणि लोखंड यांच्यात ज्वारीच्या दाण्याएवढी फट राहिली की तिच्यातून वीज उडी घेते आणि लोखंडाचं पाणी होतं. त्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण एका हातात कांडी, दुसऱ्यात जोडायचा तुकडा. मग काळ्या काचेची ढाल धरायची कुणी? मदतीला माणूस मागितला की फोरमन म्हणे, "आदमी कहाँ से लाऊँ, पंडितजी?"

मधुसूदनने शक्कल काढली. तुकडा जागेवर बसवायला पहिले दोन टाके मारताना डावा डोळा घट्ट मिटायचा, उजव्याने बघायचं. "एक डोळा रेल्वेचा, एक घरचा," असं तो ऐटीत सांगे. धाकटा भाऊ दिवाकर कारखान्यात लागला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने ही विद्या त्याला दिली. कौतुकाने दिली, हेच वाईट.

बारा वर्षांनी तपासणीत डॉक्टरांनी त्याचा डावा डोळा झाकला. तक्त्याच्या मधोमध नुसता काळा डाग. "अंदर से जल गया है, अब नहीं लौटेगा," डॉक्टर म्हणाले. वेल्डिंग बंद, उद्यापासून कारखान्याच्या फाटकावर पहारा. मधुसूदनला स्वतःचं फारसं वाटलं नाही, एक तरी शाबूत होता. पण दिवाकर? डॉक्टरांनी दिलेला कागद मुठीत चुरगळत तो कारखान्याकडे धावला.

"डावा डोळा मीट आणि त्या डब्यावरचा नंबर वाच."

दिवाकरने मिटला. "कडेचे आकडे दिसतात, दादा. बीचवाला नाही."

"बरं. आता उजवा मीट."

दिवाकर ओशाळून हसला. "दादा, तुझी तरकीब मी जरा सुधारली. एकाच डोळ्यावर भार का टाकायचा? एक दिवस हा, एक दिवस तो."

"नंबर वाच!"

"याने पण नाही दिसत, दादा."

डॉक्टरांना सांगावं तर याचंही काम जाणार, मग लक्ष्मी गेट मोहल्ल्यातल्या घरात चूल कशी पेटायची? न सांगावं तर उरलंसुरलंही जळणार. इकडे आड, तिकडे विहीर. भावाच्या कानफटात मारावी असं त्याला वाटलं, पण गुरू कोण होता?

"वहिनीलाही बोलू नकोस हं," दिवाकर म्हणाला आणि त्याने पुढचा तुकडा ओढला. त्याचा डावा डोळा सवयीने मिटला.

मधुसूदनने जमिनीवरची ढाल उचलली, दोन्ही हातांनी भावाच्या तोंडापुढे धरली आणि स्वतःची मान फिरवली. उद्या सकाळी आठ वाजता त्याला फाटकावर हजर व्हायचं होतं.