खाली ठोकलेली सीट

मी एक जुनी, काळी, रुंद हँडलची सायकल आहे. मित्रांनो, अंगाने मी जाडजूड, पण माझ्या स्प्रिंगच्या सीटचा मला भारी अभिमान. परळच्या चाळीत राहणारे, गिरणीत कापडाचे साचे, म्हणजे माग, चालवणारे गुणाजी माझे मालक.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभेचे निरोप घेऊन आम्ही लालबागहून गिरगावपर्यंत धावायचो. पोलीस आडवे आले तर पटकन पाय टेकून वळता यावं, म्हणून गुणाजींनी माझी सीट पार खाली ठोकली होती. पुण्यात दिलेली त्यांची धाकटी बहीण कालिंदी. तिला त्यांनी शब्द दिला होता, "मुंबई मिळाली की सायकलने येऊन तुला पेढे भरवीन."

मुंबई मिळाली. चाळभर साखर वाटली. आणि पुण्याला निघताना गुणाजींनी काय करावं? मित्राची, रामदासची, हलकी, वाकड्या हँडलची रेसची सायकल मागून आणली! मी गॅलरीत रुसून उभी.

दुसऱ्याच दिवशी ते ट्रकमधून परत आले. वाकून वाकून सगळा भार हातांवर पडला होता. खोपोलीपर्यंत करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं होतं. साच्यावर तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येईना. बोटं गेली तर नोकरी जाणार! माझा रुसवा कुठल्या कुठे पळाला. त्यांची बायको कमल रोज बोटं शेकायची.

भाऊबीज जवळ आली तोवर बोटं ताळ्यावर आली. आता गुणाजी मला घेऊन ठाण्यापर्यंत सरावाला गेले. पाठ ताठ, हात मोकळे, पण पायडल मारताना गुडघे काही नीट सरळ होईनात. घरी आले ते लंगडत.

"ऱ्हाऊ दे पुणं," ते म्हणाले. "कालिंदीला पत्र टाकतो."

कमल माझ्याकडे बघत राहिली आणि फिसकन हसली.

"अवो, मुंबई मिळाली ना? मग आता पोलीस कुठे लागलेत मागे? घ्या की ती सीट वर!"

गुणाजींनी कपाळावर हात मारला आणि सीट वर ओढली.

भाऊबीजेला आम्ही पुण्यात होतो. वाटेत गुणाजी थांबत आले, घाटात मला हाताने ढकलत. गुणाजींनी कालिंदीला पेढा भरवला, तिने भावाला ओवाळलं आणि मलाही कुंकू लावलं. मला रडूच आलं.

आता मी जिन्याखाली असते. मित्रांनो, लांब जायचं तर सायकल आधी आपल्या अंगाला जुळवून घ्या, दुखलं की थांबा. मलाही कधी थोडं तेल पाजा. सीटला मात्र हात लावू नका, ती गंजून तिथंच घट्ट बसली आहे. म्हातारे गुणाजी येता-जाता तिच्यावर थाप मारतात आणि म्हणतात, "ऱ्हा अशीच. वर."