बोलावण्याचं काम

"वैजू, फाटकाशी पाहुणी उभी आहे," केओला पातेल्यात डाव फिरवत म्हणाला.

वैजयंतीने मान वर करून पाहिलं आणि चटकन पातेल्याच्या आड बसली. फाटकाबाहेर लीलावती साने उभ्या होत्या, लंडनमधल्या इल्फर्डच्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष, दोन्ही हातांत फुगलेल्या पिशव्या घेऊन. दोन वर्षांपूर्वी याच लीलाताईंनी वैजयंतीला शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला होता. 'आमच्या मोदकवाल्या वैजूताई आता नाशिकला भावाकडे सुखाने राहणार' असं लांबलचक भाषणही ठोकलं होतं. वैजयंतीला तेव्हा रडू आवरेना, आणि सगळ्यांना वाटलं, मंडळ सोडवत नाही बिचारीला.

नाशिकला ती गेलीच नव्हती. नवरा गेला, घरमालकाने घर विकायला काढलं, भावाने फोन उचलणं बंद केलं. ज्यांच्या घरची बारशी-मुंजींची जेवणं रांधली, त्यांच्यापुढे हात पसरायचा तिला धीर झाला नाही. मग कधी कौन्सिलच्या हॉस्टेलची खोली, कधी तीही नाही. मंडळातलं कोणी दिसलं की ती रस्ता बदलायची.

असाच रस्ता बदलताना ती चर्चमागच्या या बंद कारपार्कमध्ये आली आणि केओलाने तिला हाक मारून जेवायला बसवलं. केओला हवाई बेटांवरचा. इंग्लिश बायकोमागे इथे आला, बायको गेली, छप्पर गेलं, हसू तेवढं शाबूत राहिलं. इथली चौदाही माणसं बेघर, आणि चूल त्यांची त्यांनीच चालवलेली. वरती साहेब कोणी नाही. नियम दोनच, दोन्ही केओलाच्या बेटावरचे. दाराशी आलेल्याला आधी जेवायला घालायचं, बोलणं मागाहून. आणि प्रत्येकाने आपलं एक काम निवडायचं. त्याला तो 'कुलेआना' म्हणायचा. ते काम म्हणजे जबाबदारी आणि हक्कही, म्हणून दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. मोरीनने भांडी घेतली. वैजयंती स्वयंपाक मागेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण तिने मागितलं पाहुण्यांना बोलावणं. कितीतरी दिवसांत तिला स्वतःला कोणी 'ये' म्हटलं नव्हतं, म्हणूनही असेल.

"मोरीन, आजचा दिवस तू जा ना," ती कुजबुजली. "प्लीज."

मोरीनने साबणाचे हात वर केले. "माझं काम भांडी, डार्लिंग."

केओला डाव फिरवत राहिला. फाटकाशी लीलाताईंनी एक पिशवी खाली ठेवली आणि गुडघा चोळला. त्यांचे गुडघे दुखतात हे वैजयंतीला पूर्वीपासून ठाऊक होतं. ती उठली. खांद्यावरची शाल मंडळाचीच होती. काढून ठेवावी असं क्षणभर तिच्या मनात आलं, पण तिने काढली नाही.

"या लीलाताई. जेवून जा."

लीलाताईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग शालीकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे.

"वैजू? अगं, तू तर नाशिकला..."

"नाही गेले. आधी जेवा. इथे जेवल्याशिवाय कोणी कोणाला काही विचारत नाही."

"अगं, पण मी द्यायला आलेय. ब्लँकेट्स आहेत. फोटो काढून ग्रुपवर टाकायचाय."

"ते नंतर बघू. बसा."

जन्मभर पंगतीत आग्रह करत फिरलेल्या लीलाताई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अवघडून बसल्या. केओलाने भात आणि चण्याची उसळ वाढली. फोडणी वैजयंतीने शिकवलेली, त्यामुळे चव ओळखीची होती, फक्त जरा करपली होती. चार घासांनंतर लीलाताईंचा हात थांबला.

"दोन वर्षांत मी तुला एक फोन केला नाही गं."

"मी उचललाच नसता."

"तरी करायला हवा होता."

दोघींचे डोळे भरले. पण वैजयंतीला मोकळं वाटत होतं. आता इल्फर्डमध्ये कोणाला पाहून रस्ता बदलायला नको, या विचाराने तिला आनंद झाला आणि चक्क हसू फुटलं.

"हसतेस काय?"

"तुमचं भाषण आठवलं. छान झालं होतं हं."

लीलाताईंना ठसकाच लागला. मग त्याही हसत सुटल्या आणि उसळ पुन्हा मागून घेतली.

जेवण झाल्यावर पाहुण्यानेही एक काम करायचं असतं. केओलाने त्यांच्यापुढे बटाट्यांची पाटी आणि सोलणं ठेवलं. पर्समधला फोन दोनदा वाजला, पण लीलाताईंच्या तो गावीही नव्हता. इतक्यात फाटकाशी पाठीवर बोचकं घेतलेला एक म्हातारा येऊन थबकला. लीलाताई सवयीने लगबगीने उठल्या.

"थांबा, मी बोलावते त्यांना."

"नो," सगळे एकदम म्हणाले. केओलाने हसून त्यांना पुन्हा खुर्ची दाखवली. "ते वैजूचं काम आहे."

मंडळाच्या अध्यक्ष मुकाट्याने खाली बसल्या आणि त्यांनी पुढचा बटाटा उचलला. वैजयंतीने हात पुसले, शाल दोन्ही खांद्यांवर नीट घेतली आणि ती फाटकाकडे चालू लागली.